दोन मीटर सत्तर

साकोलीच्या मोजणी कार्यालयात संगणकावरचा एक आकडा रश्मी खोब्रागडेनं पुन्हा पुन्हा वाचून पाहिला.

कोंढ्याच्या गुलाब खोब्रागडेंची ही मुलगी. वडिलांची उमेदीची वर्षं मोजणीवाल्यांमागे जमीन मोजायची साखळी ओढण्यात गेली. ती भूकरमापक झाली तोवर साखळी जाऊन उपग्रहावर चालणारं यंत्र आलं होतं. आता जमिनीवरच्या प्रत्येक बिंदूला दोन आकडे होते: ठरलेल्या मूळ बिंदूपासून पूर्वेला किती मीटर, उत्तरेला किती. फक्त यंत्र जिथं मांडायचं, तिथले आकडे आधी हातानं भरावे लागत.

काल एकोडीत परसराम आणि धुरपताबाईच्या शेतांमधली हद्द मोजताना दोन्हीकडची माणसं अंगावर येत होती. त्या गोंधळात भरलेले आकडे तिनं पुन्हा तपासले नाहीत. निघताना शिवेवरच्या जुन्या सरकारी दगडाची नोंद तेवढी घेतली. आज ती सरकारी नोंदीतल्या आकड्यांशी पडताळली, तर उत्तरेचा आकडा बरोबर, पूर्वेचा दोन मीटर सत्तरनं कमी. तिनं वही उघडली. यंत्र मांडलेल्या जागेच्या पूर्वेच्या आकड्यात वहीत शेवटी ६.३१ होतं, यंत्रात ३.६१.

म्हणजे तिनं रोवलेला प्रत्येक खुंट तेवढाच पूर्वेला, धुरपताबाईच्या धानाच्या बांधीत सरकला होता. बाईची विहीर परसरामच्या हद्दीत गेली होती.

तेवढ्यात एकोडीचा कोतवाल बाबूलाल याचा फोन आला. "मॅडम, परसरामनं विहीर बुजवाले जेसीबी आणलं. बाई विहिरीच्या काठावर बसली, उठूनच नाई राहिली."

"थांबव त्याले. मी येऊन राहिली."

ती पोचली तेव्हा काठाचे चार दगड विहिरीत पडले होते. धुरपताबाई उरलेल्या काठाला धरून बसली होती, ओठ पांढरे पडलेले. रश्मी जेसीबीसमोर जाऊन उभी राहिली.

"कालच तुमी खुटे रोवले," परसराम म्हणाला, "न आज काहून अडवता? कोणी फिरवलं तुमाले?"

"कोणी नाई, भाऊ. चूक माही आहे. मशिनीत आकडा मीच उलटा टाकला."

गर्दीतून कोणीतरी शिवी हासडली. रश्मी हलली नाही.

"आज चुकली म्हणता, उद्या पुन्हा म्हणान," परसराम म्हणाला.

"तर तुमीच पाहा." तिनं यंत्र पुन्हा मांडलं, वहीतला आकडा मोठ्यानं वाचत भरला, मोजणीची काठी परसरामच्या हाती दिली आणि त्याला शिवेवरच्या दगडाकडे नेलं. काठी दगडावर टेकताच पडद्यावरचे दोन्ही आकडे सरकारी नोंदीशी जुळले. परसरामनं ते दोनदा वाचले. मग त्यानं जेसीबीवाल्याला हात करून मागं घ्यायला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत खुंट नव्यानं रोवले गेले. विहीर धुरपताबाईकडे राहिली. रश्मी तिच्यापाशी गेली, तर बाईनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी रश्मीनं स्वतःहून आपल्या चुकीबद्दल अहवाल लिहून दिला. खात्याची नोटीस आली. परसरामनं फेरमोजणी मागितली. दीड महिन्यानं दुसऱ्या भूकरमापकानं मोजलं, तेव्हा खुंट एकही हलवावा लागला नाही.