राख पाहून घ्या, गुरुजी

दसारामभाऊ गेल्याचं मला शाळेत कळलं. दरेकशाहून सकाळच्या पॅसेंजरने आलेला त्याचा पुतण्या वर्गाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, काका गेला. काल जाळला. तुमाले उद्या राख सावडायले यायचं हाय." चार दिवसांचा ताप, बस्स. मी फळ्यावर अर्धवट सोडलेलं गणित तसंच पूर्ण केलं. मुलांना काही समजलं नाही, आणि मलाही त्या वेळी फारसं समजलं असं वाटत नाही. या वयात बातम्या अशाच येतात, माणूस थकून जातो आणि रडू मागाहून कधीतरी येतं.

आमची ओळख डोंगरामुळे झाली. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात आम्ही गोंदियाचे तिघे, म्हणजे मी, एक शिंपी आणि दवाखान्यातला एक कंपाउंडर, हौस म्हणून दरेकशाला उतरलो आणि समोरचा डोंगर चढायला निघालो. वाट चुकलो. खाली धानाच्या बांधीत उभा असलेला एक काळासावळा माणूस ओरडला, "तिकडं कायले जाऊन राहिले गा? तिकडं वाट नाही, अस्वल हाय!" तो दसाराम. तो वर आला, आम्हाला माथ्यावर घेऊन गेला, आणि उपाशीपोटी परत कसं जायचं म्हणून घरून पीठ, वांगी आणि गोवऱ्या घेऊन पुन्हा चढला. तेव्हापासून दर पौषात आमचा तो नेमच झाला. पळसाच्या दोन पानांमध्ये कणकेचे पानगे दाबायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वांग्याची रस्सेदार भाजी. शिंपी हिंदी गाणी म्हणायचा, कंपाउंडर दरवर्षी भाजीत मीठ विसरायचा. राज्यं बदलली, आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, कचेरीवरच्या पाट्या नव्या झाल्या, पण पौषातला तो रविवार काही हलला नाही.

दसारामभाऊचा एकच कायदा होता. खाली उतरण्याआधी राखेवर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं आणि मग हाताची पालथी बाजू राखेवर ठेवून पाहायचं. "तळहाताले कष्टाची सवय रायते, त्याले गरम समजत नाही. हात पालथा करा," असं तो म्हणायचा. गोवरीची आग लबाड असते, वरून राख आणि आत इंगळ. त्या पाण्यासाठी एक वेगळी कळशी नाल्यावरून भरून वर आणावी लागे आणि तिला कोणी तोंड लावायचं नाही, अशी ताकीद असे. हे काम दरवर्षी पाळीने एकाकडे यायचं.

एका वर्षी ती पाळी माझी होती. आता हे लिहायलाच हवं.

त्या वर्षी कंपाउंडरने आजवरच्या सगळ्या थट्टेचा वचपा काढला आणि भाजीत दोनदा मीठ टाकलं. खारट तर खारट, भुकेपोटी सगळ्यांनी खाल्ली. मग तहान लागली. प्यायचं पाणी संपलं. दसारामभाऊ गंज आणि रिकामी भांडी कावडीत घालून पुढे उतरला होता. मी कळशी उचलली आणि राखेसाठी ठेवलेलं पाणी प्यालो. नुसता घोट नाही, पोट भरून. उरलं ते शिंपी आणि कंपाउंडर यांना दिलं. खालून दसारामभाऊची हाक आली, "गुरुजी, राख पाहून घ्या गा!" गाडीची वेळ होत आली होती. मी पायाने थोडी माती लोटली आणि ओरडलो, "पाहिली!"

पंधरा दिवसांनी तो गोंदियाच्या बाजारात भेटला. शांतपणे म्हणाला, डोंगराची एक बाजू जळाली, आणि पायथ्याशी राहणाऱ्या एका म्हातारीची तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, अख्खी गंजी गेली. मी म्हणालो, "दसारामभाऊ, ते..."

"जाऊ द्या ना गुरुजी. गावाले मी सांगतलं, माह्याच हातून राहिलं म्हून."

"तू काऊन सांगितलंस असं?"

"तुमी शाळेतले मानूस. पोरं तुमच्याकडं पाहून शिकून राहिले."

मी गप्प बसलो. त्या दिवशी गप्प बसणं किती सोपं गेलं, हे आठवलं की आज स्वतःची किळस येते. त्याने आपल्या बैलांची अर्धी तणीस म्हातारीला दिली, आणि उन्हाळ्यात त्याच्या बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. गावाने त्याचं नाव ठेवलं डोंगरजाळ्या. हे नाव मी माझ्या कानांनी ऐकलं, त्याच्याबरोबर चालताना, एकदा नाही, दरवर्षी. तो हसायचा. मीही हसायचो. त्यानंतर राख विझवायची पाळी त्याने कोणालाच दिली नाही, पण का ते कधी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी मसणात आम्ही दहा-बारा जण होतो. शिंपी आला नव्हता, त्याचे गुडघे गेलेत. कंपाउंडरची बदली झाली. पुतण्या पाणी घेऊन पुढे झाला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "पानी बराबर टाक रे बाप्पा, डोंगरजाळ्याची राख हाय." दोघे-तिघे हसले. वाईट हेतू नव्हता. आमच्याकडे मेल्या माणसाचीही थट्टा करतात, त्यात माया असते.

मी म्हणालो, "डोंगर त्याने नाही जाळला. राख विझवायची पाळी माझी होती. पाणी मी पिऊन टाकलं होतं."

मग एक म्हातारा, ज्याच्या आईची ती गंजी होती, माझ्याजवळ आला. "मंग इतके साल काऊन नाही सांगतलं, गुरुजी?" त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्याला.

पुतण्याने पाणी ओतलं, काठीने ढवळलं, पुन्हा ओतलं. अस्थी वेचायला सगळे वाकले. मी खाली बसलो, हात पालथा केला आणि राखेवर ठेवला. वरून गार होती. थोडा आत सरकवला... आत अजून ऊब होती.

"थांबा," मी म्हणालो, "अजून एक कळशी आणा." आणि नाल्यावर पाणी आणायला मीच गेलो.