गल्ल्यावरून उठलेले काकाजी

“तोंड कशाले पाह्यचं, हात पाह्यला का झालं,” असं काकाजी म्हणायचे, आणि खरोखरच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत. गल्ल्याच्या काचेच्या केबिनला खाली एक अर्धगोल खिडकी होती. तिच्यातून त्यांचा हात बाहेर यायचा, पावती आणि चिल्लर ठेवायचा आणि परत आत जायचा. समोर मोलकरीण असो की कलेक्टरची बायको, त्या हाताला फरक पडत नसे. तुमच्याही ओळखीचा असा एखादा कॅशियर असेल, वर्षानुवर्षं व्यवहार करूनही ज्याचा चेहरा तुम्हाला आठवत नाही.

धरमपेठेतल्या त्या कापडाच्या दुकानात मी मॅचिंगच्या काउंटरवर होते. नायलॉनच्या साड्यांनी बायकांना वेड लावलं होतं, तो काळ. साडीला जुळणारा ब्लाउजपीस आणि परकराचं कापड काढून द्यायचं, हे माझं काम. एका बाजूला गल्ला, दुसऱ्या बाजूला साड्यांची गादी आणि मध्ये मी. दुकानातलं सगळं मला दिसायचं, आणि जे दिसत नसे ते मी विचारून घ्यायची. स्वभावाला औषध नाही.

काकाजी विणकराच्या घरचे. भाऊ अजून हातमागावर बसत. घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारे हे पहिले, आणि ही गोष्ट ते स्वतः विसरत नसत की दुसऱ्याला विसरू देत नसत. मोहल्ल्यात कोणी नोकरीचं विचारलं तर ‘दुकानात’ म्हणायचे नाहीत, ‘कॅशमधी’ म्हणायचे. डबा खातानाही किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. मला त्याचं हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

मग शेठजींचा मुलगा कॉलेज संपवून दुकानात आला. गल्ला घरच्या माणसाच्या हातात असलेला बरा, म्हणून तो केबिनमध्ये बसू लागला आणि काकाजींना साड्यांच्या विभागात घातलं. पगार तोच, वर विक्रीवर कमिशन. शेठजींनी पेढा हातावर ठेवून सांगितलं. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण गल्ल्यावरून उठवलेल्या माणसाने काहीतरी खाल्लंच असणार, असं लोक धरून चालतात. आणि काकाजी स्वतःही जन्मभर तसंच धरून चालले होते, ही खरी अडचण.

त्यांनी घरी सांगितलंच नाही. घरातल्या पेटीच्या जुन्या किल्ल्या एका कड्यात ओवल्या आणि त्या कमरेला लावून रोज घरून निघू लागले. जेवताना मी टोकलं, तेव्हा डब्यात बघत म्हणाले, “कोणाले सांगजो नको वं बाई.”

साड्यांच्या गादीवर मोठी पंचाईत होती. साडी नुसती उलगडून भागत नाही. गिऱ्हाइकाला पदर कसा पडतो ते बघायचं असतं, म्हणून सेल्समनने निऱ्या कमरेशी धरायच्या, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा आणि उभं राहायचं. मिशीवाले बाप्येही हे बिनदिक्कत करतात. तुम्ही पाहिलंच असेल. काकाजींनी पहिल्या दिवशी साडी हात लांब करून धरली, ओलं धोतर वाळत घालावं तशी. बाकीचे सेल्समन पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदर खांद्यावर घेतला, पण मान खाली. कानापर्यंत लाल झाले होते.

ती मान पुढे कधी वर झाली नाही, आणि गंमत बघा, त्या खालच्या मानेवरच त्यांची विक्री वाढली. बाकीचे सेल्समन पदर उडवत, ‘मॅडम, तुमच्या रंगाला हीच’ म्हणत, आणि त्यांची नजर कुठे कुठे फिरे ते बायकांना बरोबर कळे. हा माणूस निमूट उभा. बघा, ठरवा, नाही तर ठेवा. धरमपेठेतल्या चांगल्या घरच्या बायका दारातूनच विचारू लागल्या, ते काका आहेत का? काकाजींना ते ऐकू आलं की कुठे तोंड लपवू असं व्हायचं. लाजेने माणसाची भरभराट झालेली मी तेवढी एकदाच पाहिली.

अशात त्यांच्या मुलीचं जमलं. स्थळ खाप्याचं, मुलगा मास्तर, घर विणकराचंच. पोरीचा बाप मोठ्या दुकानात कॅशियर, या गोष्टीवर तिकडची मंडळी खूश होती. आणि मग लग्नाच्या बस्त्याची वेळ आली. काकाजींनी परोपरीने सांगितलं, आमच्याकडे भाव चढा आहे, महालातल्या बाजारात जाऊ. पण विहीणबाईंचं म्हणणं, घरचा माणूस असताना दुसऱ्याच्या दुकानाची पायरी काहून चढायची? त्यांचंही बरोबरच होतं.

काकाजी दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी छोट्या शेठना विनवून त्यांनी तासाभरासाठी केबिन मागून घेतली. पोरगा भला होता. हसून म्हणाला, बसा, मी जेवून येतो. काकाजी आत जाऊन बसले आणि इतक्या महिन्यांनी मला त्यांच्या अंगात जीव आल्यासारखा दिसला. खाप्याहून बसने मंडळी आली. व्याह्यांनी केबिनकडे बघून नमस्कार केला, काकाजींनी काचेआडून केला. काकाजींची बायको आणि मुलगीही आल्या होत्या, मुलगी आईजवळ बसली होती. गादीवर साड्या पडू लागल्या, आणि मी मनातल्या मनात टेकडीच्या गणपतीला म्हटलं, एवढा तास निभव.

तेवढ्यात आमच्या एक नेहमीच्या बाई आल्या. चांगल्या, बोलक्या, मनाने निर्मळ. त्यांनी गादीवर काकाजींना शोधलं आणि मग त्यांना ते काचेमागे दिसले.

“अहो काका, तुम्ही तिथे काय करताय? या ना, मला तुम्हीच दाखवा.” आणि शेजारी बसलेल्या विहीणबाईंना कौतुकाने म्हणाल्या, “यांच्याकडूनच बघा हो. अगदी नेसून दाखवतात.”

मी पुढे होऊन काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझी बोलकी जीभ नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. काकाजी केबिनचं दार उघडून बाहेर आले, विहीणबाईंच्या पुढ्यातली जांभळी साडी उचलली, निऱ्या धरल्या आणि पदर खांद्यावर टाकला. विहीणबाईंनी डोक्यावरचा पदर ओढून तोंड भिंतीकडे फिरवलं. व्याह्यासमोर बाई नजर वर करत नाही, आणि इथे तर व्याहीच साडी नेसून उभा. काकाजींची बायको नवऱ्याकडे बघत राहिली. मुलीच्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, खाप्याची मंडळी आता उठून जातात आणि लग्न मोडतं.

काकाजी व्याह्यांना म्हणाले, “पैशाचा घोळ नाही जी. मालकाचा पोरगा आता गल्ल्यावर बसते. मी पैसे नाही खाल्ले.”

व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या पदराकडे पाहिलं. म्हणाले, “कलर चांगला हाय जी. हेच बांधा.”

बस. त्यापलीकडे एक अक्षर नाही. लग्न झालं, चांगलं झालं. मी गेले होते. जेवणावळीत काकाजी पाण्याचे जग घेऊन मागच्या बाजूलाच फिरत होते. फोटोसाठी हाका मारल्या तरी आले नाहीत. पुढे चार-पाच वर्षं त्यांनी गादीवर काढली, तशीच मान खाली घालून, आणि एक दिवस गुडघे दुखतात म्हणून काम सोडलं. मी एकदा घरी जाईन म्हणत राहिले. ते गेल्याचं कळलं तेही उशिरा.

त्यांची मुलगी एकदा माझ्या काउंटरवर आली, तेव्हा कडेवर धाकटं होतं. मी सासरचं विचारलं. म्हणाली, देवमाणसं आहेत, त्या दिवसाचा विषय त्या घरात आजवर कोणी काढला नाही. मग बाबांचं सांगू लागली. ते दर दिवाळीला खाप्याला यायचे, पण स्टँडपर्यंतच. तिथे नातवंडांच्या हातात खाऊची पिशवी द्यायची आणि आल्या बसने परतायचं. एका वर्षी सासरे स्वतः त्यांना घरी न्यायला स्टँडवर गेले. काकाजींनी त्यांना खिडकीतून पाहिलं. खाली उतरलेच नाहीत. पिशवी कंडक्टरच्या हाती दिली आणि तसेच बसून राहिले.

मी विचारलं, पण त्या घरचं तर कोणी कधी काही बोललं नव्हतं ना?

“तेच तं,” ती म्हणाली. “एकदा कोणी हासलं असतं ना ताई, तं बाबा घरी जेवाले आले असते.”