सात नंबरचा चेहरा

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. त्याला माहीत नाही म्हणजे कुणालाच नाही, कारण माझ्या पोटात एरवी काही राहत नाही. हे मात्र राहिलं. सहा वर्षं राहिलं. आता तुम्हाला सांगते — का तुम्हालाच, ते विचारू नका. तुम्ही ओळखीचे नाही, एवढंच असेल.

पनवेलजवळ, नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या बाजूला, एक बंद पडलेली पोल्ट्री होती. तिथे आमच्या मालिकेचं अंतराळयान उभं होतं. प्लायवूड, थर्माकोल आणि चंदेरी रंग. कितीही रूम फ्रेशनर मारा, दुपारी बारानंतर आकाशगंगेत कोंबड्यांचा वास यायचाच. मालिकेचं नाव सांगत नाही. पाहिली असेल तर ओळखाल, नसेल पाहिली तर तुमचं काही बिघडलेलं नाही.

मी तिथे असिस्टंट होते. कलाकारांना वेळा कळवायच्या आणि कंटिन्युइटीची वही सांभाळायची. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये कुणाच्या कुठल्या हातात काय होतं, कुणाची कुठली सवय आहे, ते लिहून ठेवायचं. नाहीतर माणूस उजव्या हातात बंदूक घेऊन दारातून आत शिरतो आणि पलीकडे डाव्या हातात घेऊन निघतो.

यानावर नऊ रक्षक होते. मोटरसायकलच्या हेल्मेटला चंदेरी रंग मारून त्यांचे टोप केलेले, काचा काळ्या. छातीवर नंबर. बोलायचं काही नाही, दारापाशी उभं राहायचं आणि दर तिसऱ्या भागात एखाद्याने मरायचं. कोण आत आहे, कुणाला कळणार? एक आला नाही की दुसरा कुणीतरी त्याचा टोप घालायचा. काम अडायचं नाही.

सात नंबरच्या टोपात सॅम्युअलकाका होते. पनवेलचेच, बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ऑफिसच्या नाटकांत आयुष्यभर प्रॉम्प्टर. विंगेत बसून दुसऱ्यांना वाक्यं द्यायची. बायको गेलेली, मुलगी रिबेका लग्न करून इस्रायलला. काकांची अट एकच होती : शनिवारी येणार नाही. त्यांचा शब्बाथ. त्यांच्यातले सगळेच एवढं कडक पाळत नाहीत, काका पाळायचे. शनिवारी काम नाही, गाडीत बसणं नाही. आयुष्यात एकदाही मोडला नाही, असं ते सांगायचे, आणि त्यात फुशारकी नसायची.

मग शनिवारचा सात कोण? माझा नवरा, अविनाश. मीच त्याला तिथे चिकटवला होता. कॉलेजात एकांकिकांची बक्षिसं मिळवलेला माणूस, पुढे काहीच झालं नाही, घरी बसून मालिकांतल्या लोकांना नावं ठेवायचा. निदान शनिवारी तरी घराबाहेर पडेल, म्हणून.

आता एक गंमत ऐका. तेव्हा ती गंमतच होती. काकांच्या घरी दाराच्या चौकटीवर त्यांच्या धर्माप्रमाणे एक छोटी नळी ठोकलेली आहे, आत प्रार्थनेचा कागद असतो. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ओठांना टेकवायची. काकांचा हात सवयीने यानाच्या दारातही चौकटीला जायचा आणि मग टोपाला, जिथे तोंड असेल तिथे. मी वहीत लिहून ठेवलं : ‘सात — दारातून जाताना उजवा हात चौकटीला, मग ओठांना.’ आणि दर शनिवारी अविनाशकडून तसं करवून घेतलं. तो वैतागायचा. पण कंटिन्युइटी म्हणजे कंटिन्युइटी.

लोकांच्या ते लक्षात आलं! हिरोकडे नाही, सात नंबरच्या हाताकडे लोक बघायला लागले. हा कुणाला सलाम करतो? याच्या ग्रहावरची काही खूण आहे का? इंटरनेटवर पानंच्या पानं लिहिली लोकांनी. शेवटी लेखकाने सीन लिहिला — सात नंबर टोप काढतो, पहिल्यांदा चेहरा दिसतो, आणि त्या खुणेचा अर्थ तो स्वतः सांगतो. दीड पानाचं भाषण.

काकांनी घरी मलिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आनंदाची गोष्ट घडली की त्यांच्यात एलियाहू नबीच्या नावाने करतात. स्टीलच्या डब्यातून सेटवर आणला, सगळ्यांना हातावर दिला. मला दोनदा दिला. ‘रिबेकाला फोन केला,’ म्हणाले. ‘म्हटलं, आता बाप दिसेल गो तुला. नुसता टोप नाही.’

मी तो मलिदा खाल्ला. बोटं चाटून खाल्ला.

गुरुवारी डायरेक्टर म्हणाले, सीन शनिवारी लावतोय, पण म्हाताऱ्याला विचार, रविवारी ढकलू हवा तर, मला काय. एवढंच होतं. एक फोन. रविवारी हो की नाही — आणि काका नाही म्हणणार होते थोडेच?

मी दारामागे जाऊन उभी राहिले आणि थोड्या वेळाने परत आले. फोन केलाच नाही. सांगितलं, विचारलं, ते म्हणाले राहू दे, शनिवारवाल्यालाच द्या.

मग संध्याकाळी काकांना फोन केला. सीन शनिवारीच आहे काका, दिवस बदलत नाहीये, मी फार भांडले. हो, हेही म्हणाले मी. फार भांडले! काका ‘बरं, बाळा’ म्हणाले आणि फोन ठेवला. मी धरून चालले की ते येणार नाहीत. त्यांचा धर्मच मी माझ्या कामाला लावला, हे तुमच्या लक्षात येतंय ना? ते खरे होते, म्हणून माझं खोटं खपणार होतं.

अविनाश दोन रात्री आरशासमोर ते भाषण म्हणत होता. किती वर्षांनी तो असा दिसत होता. पण ते जाऊ दे, त्याने काही कमी होत नाही.

शनिवारी साडेनऊला सॅम्युअलकाका आले.

पनवेलहून टमटमने आले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. आत लाइट लागले होते, अविनाश टोप काढून उभा, पहिला शॉट झाला होता. काका दारात उभे राहून बघत होते. मी धावत गेले आणि त्यांना पाण्याच्या पिंपापाशी नेलं. अजूनही वेळ होती, नाही का? एक शॉट पुसून टाकता आला असता. डायरेक्टरांना एवढंच म्हणायचं होतं की माझी चूक झाली. मी काय केलं? आणखी एक खोटं बोलले. डायरेक्टरांना तरुण चेहरा हवाय काका, आज सकाळीच ठरलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. ‘काल कळलं असतं तर —’ एवढं म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, ‘असो. परत जाताना तरी आता गाडीत बसत नाही.’

आणि चालत निघाले. नेऱ्याहून पनवेल. एप्रिलचं ऊन, वय सत्तरीच्या पुढे. मी गेटपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. हाक मारली नाही. आतून कुणीतरी माझ्या नावाने ओरडत होतं, पुढचा शॉट होता, वही माझ्याकडे होती. दुपारी गेटवरचा हिराजी म्हणाला, ‘मॅडम, तो म्हातारा चालतच गेला. मी बोललो रिक्षा थांबवतो, तर नाय बोलला. पानी पन नाय घेतला.’

सोमवारी काका कामावर आले. टोप घातला. आता त्या टोपाखाली माझ्या नवऱ्याचा चेहरा आहे, हे लवकरच सगळ्या महाराष्ट्राला दिसणार होतं, आणि काका आत उभे राहून त्याचं सोंग करत होते. दारातून जाताना त्यांचा हात उठला नाही. डायरेक्टरांनी कट म्हटलं. मी वही उघडली आणि म्हटलं, ‘काका, हात.’ त्यांनी केला. त्यानंतर मालिका बंद होईपर्यंत प्रत्येक वेळी मला सांगावं लागायचं. काका, हात. ते करायचे.

अविनाशला त्या सीनमुळे काही मिळालं नाही. कुठून फोन आला नाही. पाहुणे आले की तो अजून मोबाइलवर तो तुकडा दाखवतो. म्हातारबाबांनी मोठ्या मनाने दिला सीन, असं सांगतो. मी चहा टाकायला आत जाते.

गेल्या पावसाळ्यानंतर काका गेले. रिबेका आली होती, मी भेटायला गेले. त्यांच्यातल्या सुतकाच्या रीतीप्रमाणे खुर्च्या बाजूला सारून ती खाली बसली होती. तिने माझा हात धरला. म्हणाली, ‘बाबांनी मला सगळं सांगितलं होतं. एवढा मोठा सीन आला, पण शनिवारी होता. त्यांनी त्यावर पाणी सोडलं. शब्बाथ मोडला नाही. मी माझ्या मुलांना ही गोष्ट सांगते. तुम्ही होतात ना तेव्हा?’

म्हणजे त्यांनीही लपवलं होतं. मोडला ते लपवलं. माझ्यामुळे मोडला, आणि फुकट मोडला, आणि मुलीला तोंड दाखवता यावं म्हणून म्हातारपणी खोटं बोलले.

खरं सांगितलं तर तिचे बाबा तिच्या हातून जातील, म्हणून गप्प बसले — असं मी स्वतःला सांगते. तुम्हाला नाही सांगणार. तुम्हाला खरं सांगते : मला सोपं गेलं. फार सोपं गेलं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘मी होते तिथे.’