तीनदा धुतलेली भुकटी

रंगाच्या कारखान्यात तिला सगळे काजळी म्हणत. नाव होतं, पण घेतं कोण? सांडपाण्याच्या टाक्यांवर बावीस वर्षं काढली बाईने, आणि शेवटची तीन त्या काळ्या भुकटीसोबत. पिकांची धाटं बंद भट्टीत भाजून केलेली ती भुकटी इतकी बारीक, की नखांत शिरली तर आठवडाभर निघायची नाही. पण काम चोख! पिवळंजर्द पाणी तिच्यातून गेलं की नितळ. पाण्यातलं शिसं भुकटी धरून ठेवायची. दर शनिवारी काजळी ती आम्लात धुऊन पुन्हा टाकीत भरायची. तिसऱ्या धुण्यानंतर मात्र ती पोत्यात, आणि पोती कुलपाच्या खोलीत.

खोली भरली, तशी पोती बाहेर उघड्यावर आली. एवढा माल वाया जातो म्हणून काजळी हळहळली. "अगं, झाडाचीच राख ही, वर तीनदा धुतलेली. घाल मातीत," म्हणत दोन पोती तिने धाकट्या बहिणीच्या परसात रिकामी केली. तिथला पालक काय माजला म्हणता! बहिणीच्या लेकीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते. अंगात रक्त नाही म्हणून पोर माहेरी आलेली. मावशीचा तिच्यावर भारी जीव. "रोज पालक खायचा, नाही म्हणायचं नाही," असा तिचा दमच होता.

पोरीला सातवा लागला तेव्हा कौतुकाने एक जुडी काजळीने कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनाही दिली. माती कशी केली तेही सांगितलं. बाईंचा चेहराच उतरला.

"अहो, तीनदा धुऊनही जे निघत नाही, ते राहतंच तिच्यात. म्हणून तर टाकून देतो आपण!"

दुपारपर्यंत त्यांनी जुडी तपासली. शिसं निघालं, भरपूर.

"पोटातल्या बाळाला काही...?" काजळीने विचारलं.

"त्यालाच सगळ्यात जास्त," बाई म्हणाल्या.

बावीस वर्षांत ती कधी पाळी अर्धी टाकून गेली नव्हती. त्या दिवशी हातसुद्धा न धुता धावत सुटली. मेले, विचारायला तोंड नव्हतं का तुला? रस्ताभर स्वतःलाच शिव्या घालत होती.

पोर जेवायला बसली होती. ताटात पालक. मावशीला बघून हसली.

"ये ना मावशी! रक्त वाढलंय माझं. डॉक्टर म्हणाल्या, खातेस ते सोडू नकोस."

काजळीने ताट ओढून घेतलं. तोंडातला घास काढायला हात पुढे केला, आणि स्वतःची काळी बोटं दिसली. तिने हात मागे घेतला.

"थुंक," ती म्हणाली. "थुंक गं माझे बाई."