ओढणीआडून हाक

नवागामात आमच्या गल्लीत दर रविवारी एका संस्थेकडून एक मुलगी मुलांना शिकवायला यायची. ती समाजकार्यात एम.ए. करत होती. नाव कधी विचारलंच नाही. सगळे दीदीच म्हणायचे. मुलांच्या घोळक्यात जमिनीवर मांडी घालून बसायची आणि बाहीने घाम पुसायची.

माझी लेक शाळेत 'मंद' ठरली होती. आम्हीही ते मानून बसलो होतो. एका रविवारी दीदीने तोंडापुढे ओढणी धरून तिला हाक मारली. लेक गप्पच. ओढणी काढून तशीच हाक मारली, तर लगेच "हो दीदी!"

"काका, ही मंद नाहीये. ओठ बघून हिला समजतं. हिला ऐकू कमी येतं, त्यावर इलाज आहे."

बायको तिथेच रडायला लागली. माझी कित्येक दिवसांची काळजी मिटली.

कॉलेज बुडवून दीदीनेच आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. मी म्हटलं, "तुझा अभ्यास बुडतो ना?"

"माझा अभ्यास थांबेल, काका. हिचं शिकणं आता थांबायला नको."

कानाला मशीन बसवल्यावर मी कारखान्यात लूमच्या खडखडाटात बोलतो तसं मोठ्याने विचारलं, "येतं का ऐकू?"

लेकीने दोन्ही कान झाकले. "पप्पा, हळू बोला ना!"

दीदी बाकावर बसून कितीतरी वेळ हसत राहिली.