आत्यानं ओळखलेली पाठ

आत्या कधी कुणाला पाठ दाखवत नसे. लग्नघरी ती भिंतीला टेकून बसायची, फोटोत सगळ्यांच्या मागे उभी राहायची. तिचा उजवा खांदा उंच होता आणि त्याखाली पाठीवर फुगवटा. तिच्या हसण्यावरून कुहीत, तिच्या गावात, तिला सारे ओळखतात, असं आम्ही घरचे म्हणायचो. लोक ओळखायचे पाठीवरूनच.

मी आठवीत असताना ती आमच्याकडे नागपूरजवळ वाडीला आली होती. मी वाकून केर काढत होते.

"थांब वं, तशीच राय," म्हणत तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. एक बाजू वर आली होती.

"दप्तरानं झालं असंल," आई म्हणाली. "सरळ बसतच नाही ही."

आत्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मलेबी सारे हेच म्हणत, वहिनी. उद्याच डॉक्टरले दाखवू."

नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कणा बाजूला वळला होता. स्कोलिओसिस हा शब्द आम्ही तिथंच ऐकला. उंची वाढते आहे तोवर ब्रेस, म्हणजे कण्याला आधार देणारा पट्ट्यांचा साचा, घालायचा, व्यायाम करायचा, अधूनमधून एक्स-रे. बाक फारच वाढला तर ऑपरेशन.

"हे काहून होते, साहेब? ओझं उचलल्यानं?" आत्यानं विचारलं.

"नाही. बहुतेकदा कारण सापडत नाही. यात कुणाची चूक नसते."

बाहेर येऊन ती बाकावर बसली. "माही आई मरेपर्यंत रडली वं. म्हणे, मीच पोरीले पाण्याचे हंडे उचलाले लावले." मग तिनं लांब श्वास सोडला.

नागपूरच्या उन्हाळ्यात प्लास्टिकचा तो ब्रेस म्हणजे शिक्षाच. मी तो पलंगाखाली ढकलायची. आत्या कुहीहून यायची, आतून घालायला सुती बनियन शिवून आणायची. "घाम येते तं येऊ दे. घाम धुतल्यानं जाते," म्हणत स्वतः पट्टे आवळायची. शाळेत पोरी हसल्या की मी तिला फोन करून रडायची. ती पूर्ण ऐकून घ्यायची. ब्रेस काढ, असं मात्र एकदाही म्हणाली नाही.

आत्या गेल्या हिवाळ्यात गेली. मला ती आठवते शेवटच्या तपासणीच्या दिवशीची. डॉक्टर म्हणाले, वाढ थांबली आहे, बाक थोडा राहील, पण वाढलेला नाही; ब्रेस काढून टाका. आत्यानं तिथूनच आईला फोन लावला. "वहिनी, ऑपरेशन नाही करा लागत!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की नर्स रागावली. पलीकडून हुंदका ऐकू आला.

"रडून राहिल्या काय, वहिनी?" तिनं विचारलं, आणि स्वतःच रडू लागली.