गोठलेली लस आणि मी

दवाखान्यातल्या लसीकरणाच्या खोलीत मी सात वर्षं मावशी आहे. फ्रीजची किल्ली माझ्या कमरेला, त्यामुळे निम्मी डॉक्टर मीच, असा माझा समज. घरी दूध उतू गेल्यावरच मला गॅस आठवतो, ही गोष्ट वेगळी.

त्या बुधवारी दुपारी तासभर वीज गेली. ती आल्यावर मी डोकं चालवलं: जितकं गार तितकं बरं! लसीचा अख्खा ट्रे वरच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवला, देवाला हात जोडले आणि घरी गेले. सकाळी बाटल्या दगड झालेल्या. खाली काढल्या, तर नऊपर्यंत पुन्हा पहिल्यासारख्या दिसायला लागल्या. म्हटलं, झालं!

पहिल्याच बाळाच्या आईने विचारलं, "सिस्टर, आजार नसताना टोचायचं कशाला?"

"ही रंगीत तालीम असते," सिस्टर म्हणाल्या. "रोगाचा निरुपद्रवी केलेला अंश आत सोडतो. शरीर त्याला ओळखतं, लढायची तयारी करून ठेवतं. खरा रोग आला की ती तयारी उपयोगी पडते. फक्त ही लस गोठता कामा नये. गोठली की शरीर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही."

बाळाची मांडी पुसून झाली होती. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण त्या गोबऱ्या मांडीकडे बघून तोंडातून निघालंच, "थांबा! काल मी ती बर्फात ठेवली होती."

सिस्टरांनी सुई खाली ठेवली. "मावशी, लस आहे ती, कुल्फी नव्हे!" मग एक बाटली हलवून टेबलावर ठेवली. "टाकायची तर आहेच, पण तुम्ही बघाच." अर्ध्या तासात तळाशी पांढरा गाळ आणि वर नितळ पाणी. चांगली लस इतक्यात अशी फुटत नाही म्हणे.

शिक्षा अशी, की बाहेरच्या सतरा आयांना मीच सांगायचं.

"म्हणजे मी परत रजा काढायची?" पहिलीच कडाडली. "आणि टोचली असती तर काय झालं असतं हो?"

"काहीच झालं नसतं," मी म्हणाले. "तेच तर वाईट. तुम्ही निर्धास्त राहिला असता, आणि बाळाच्या अंगात तयारी शून्य."

तिने बाळाला खांद्यावर टाकलं आणि पुढची तारीख विचारली. बाकीच्या सोळाजणींनी काय काय ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.

सोमवारी नव्या बाटल्या आल्या. ती रजेवरून कडाडलेली बाई पहिल्या नंबरला हजर. मी बाळाचे पाय धरले, त्याने माझ्या हनुवटीवर लाथ हाणली. देवाघरचा न्याय म्हणून मी निमूट सोसली.

"मावशी, आज नक्की चांगली आहे ना?" तिने विचारलं.

मी छातीठोकपणे "हो" म्हणणारच होते. जीभ चावली आणि सिस्टरांकडे बोट दाखवलं, "त्यांना विचारा बाई. मी फक्त पाय धरते."